डोंगर हिरवाच असतो का?

(वसतिगृहाच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही मोठा चित्रकार नाही. नाशिकला टपाल खात्यात ३१ वर्षे नोकरी केली आणि रविवारी पाठीला पिशवी अडकवून शेत, ओढा, जुने वाडे रंगवत बसलो. चित्र कधी विकले नाही, स्पर्धेला पाठवले नाही. आनंद एवढाच त्यामागचा हेतू. निवृत्तीनंतर महिन्यातून एका रविवारी मी जव्हारच्या या वसतिगृहात मुलांबरोबर चित्रे काढायला येतो. आज मला माझी एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

पहिल्या रविवारी मी मुलांना म्हटले, निसर्गचित्र काढा. चाळीस मुलांनी एकच चित्र काढले. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर नारळ. खिडकीतून बाहेर पाहिले तर साग आणि मोह उभे होते. नारळ नजरेच्या टप्प्यात नव्हता.

एकाच मुलाचे चित्र वेगळे होते. सहावीतला, अबोल मुलगा. त्याने पिवळ्या-तपकिरी रंगाचा डोंगर काढला होता आणि त्यावर काळे चौकोन. मी विचारले, "हे काय रे?" तो काही बोलला नाही. मला वाटले, रंग सांडला असेल. मी त्याच्या हातातला ब्रश घेतला, "बाळ, डोंगर हिरवा असतो," असे म्हणालो आणि हिरव्याचा एक मोठा हात त्या डोंगरावर फिरवून दिला. चित्र किती छान झाले, असेही वर म्हणालो.

पुढच्या महिन्यापासून तो मुलगाही दोन त्रिकोण आणि नारळ काढू लागला. मी त्याला शाबासकी दिली! त्याने चित्र काढणे सोडून दिले आहे आणि तो मला हवे ते देतो आहे, हे माझ्या लक्षात आले नाही.

मे महिन्यात वसतिगृहप्रमुखांबरोबर काही मुलांच्या पाड्यांवर जाण्याचा योग आला. त्या मुलाच्या घरी पोहोचलो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेले अंगण. आजीने कोरा चहा दिला. चहा घेता घेता समोर पाहिले आणि कप हातातच राहिला. वाळलेल्या गवताने पिवळा पडलेला डोंगर आणि त्याच्या उतारावर काळे चौकोन. तेच चित्र!

आजीला विचारले, तर ती हसली. म्हणाली, "राब हाय तो. भाजलाय."

तुमच्यापैकी शहरातून आलेल्यांसाठी सांगतो. पावसाळ्याआधी भाताच्या रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा निवडतात. त्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा यांचे थर देऊन ते जाळतात. तणाचे बी जळते, राखेचे खत होते. पहिल्या पावसात तिथे भात पेरतात आणि रोपे हातभर झाली की जुलैत खाचरांत लावणी करतात. मला जो डाग वाटला, ती त्या घरच्या वर्षभराच्या भाताची सुरुवात होती.

त्याच दुपारी डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया टेकडी चढून येताना दिसल्या. अशी हंडा घेतलेली बाई मी कितीतरी चित्रांत शोभेसाठी घातली आहे. आटलेली विहीर आणि परतीची चढण मी कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे कॅलेंडरवरचे चित्र फक्त मुलेच काढत नव्हती, मीही काढत होतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी सगळ्या मुलांसमोर त्या मुलाला म्हणालो, "माझे चुकले. तुझा डोंगर बरोबर होता." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही हिरवा लावला ना, मग ते जुलैचं झालं." एवढ्या उदार मनाने मला आजवर कोणी माफ केले नसेल!

त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. चित्र काढण्याआधी दहा मिनिटे बाहेर बसायचे. जे रोज दिसते, तेच काढायचे. आता आमच्या भिंतीवर नाचणीची उतारावरची शेते आहेत, भाताची उडवी आहे, माघ-फाल्गुनातला पळस आहे. एका मुलीने कुलूप लावलेले घर काढले आहे. दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर जातात. त्या चित्रात मी एकही रेघ सुचवली नाही.

यात नवे काही नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याकाठी राहत आणि ते तळे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी तांदळाच्या पांढऱ्या रंगाने भाताची शेते, मासेमारीचे जाळे, मुंग्यांच्या रांगासुद्धा चितारल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांनीही आपल्या दारातलेच पाहिले.

हितचिंतकांना एक विनंती आहे. आपण रंग पाठवता, त्याबद्दल आभार. पण छापील आकृती रंगवायच्या वह्या पाठवू नका, कोरे कागद पाठवा. पिवळ्या आणि तपकिरी रंगाच्या वड्या जास्त पाठवा, आमच्याकडे आठ महिने तेच लागतात. कृपा करून बक्षिसे ठेवू नका. बक्षीस आले की नारळ परत येतो.

आणि मुलांनो, पुन्हा कोणी मोठ्या माणसाने तुमचा डोंगर हिरवा करायला ब्रश उचलला, तर त्याला मे महिन्यात घरी बोलवा. चहा तेवढा द्या.