फ्रेमवर्क निवडण्याआधी



महाविद्यालयात गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह शिकू की फ्लटर?" प्रश्न पोटापाण्याचा आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवे. पण आधी मी विचारतो, ही साधने कोणाच्या गरजेतून जन्मली?

प्रत्येक फ्रेमवर्क हे कुठल्या तरी कचेरीतल्या अडचणीवर काढलेला तोडगा असते. जँगो घ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हे दैनिक आहे. त्याच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हॅटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते घडवायला घेतले, २००५ मध्ये ते सर्वांना खुले झाले. वृत्तपत्राची घाई त्याच्या रचनेत मुरलेली आहे. मजकूर भरायला अ‍ॅडमिन पॅनेल आयते मिळते, कारण बातमी चढवायला दर वेळी प्रोग्रामरची वाट पाहणे तिथे परवडणारे नव्हते. रूबी ऑन रेल्स २००४ मध्ये बेसकॅम्प या उत्पादनातून वेगळे काढले गेले. २०१३ मध्ये खुली झालेली रिअ‍ॅक्ट फेसबुकच्या सतत बदलणाऱ्या पडद्यांसाठी होती. आपली अडचण यांपैकी कोणाच्याच समोर नव्हती. ती मांडायची जबाबदारी आपली आहे, आणि ती आपण पुरेशी उचललेली नाही असे माझे ठाम मत आहे.

आज मी त्यातल्या एकाच अडचणीवर बोलतो: मराठी मजकूर.

'स्त्री' लिहा. वाचणाऱ्याला एक अक्षर दिसते. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारा, उत्तर ६ येते: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. फ्लटरच्या डार्ट भाषेतही सहाच. शीर्षक जागेत मावावे म्हणून कुणी ते ठरावीक लांबीवर कापले, की जोडाक्षर मधोमध तुटते आणि पडद्यावर पाय मोडलेले अक्षर उरते. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. मजकूर तोडण्याच्या युनिकोडच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद थेट २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आली. त्यामुळे जुन्या फोनवर तोच शब्द वेगळ्या ठिकाणी तुटू शकतो.

शोधाची गोष्ट याहून अवघड. 'वाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, साठवणीत वेगळे. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण चालवूनही ते एक होत नाहीत. म्हणजे 'मोऱ्यांचा वाडा' नोंदीत असूनही सापडत नाही. हे दुरुस्त करणारे चार ओळींचे काम कुठलेही फ्रेमवर्क आपल्या वतीने करत नाही.

आता मूळ प्रश्न. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अँड्रॉइड आणि आयओएसचे स्वतःचे घटक पडद्यावर मांडते, फ्लटर पडदा स्वतः रंगवते. मोबाइलवर दोन्हींत देवनागरी नीट उमटते. फ्लटर वेबवर नेले की मात्र, दिलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर पर्यायी फॉन्ट इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि तोवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. रेंज कमी असलेल्या गावात हे चौकोन बराच वेळ राहतात. फॉन्ट अ‍ॅपसोबतच बांधून द्यावा. शिका दोन्हींपैकी कोणतेही. अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा आधार २०२१ अखेर संपला, तसा यांचाही कधी तरी संपेल, पण मजकूर कसा साठतो आणि कसा उमटतो हे ज्ञान पुढच्या साधनातही चालेल.

आणि लायब्ररी घालण्याआधी ब्राउझरला विचारा. १२३४५६७ हा आकडा मराठी पद्धतीने १२,३४,५६७ असा दाखवणे त्याला मुळातच येते. २०१६ च्या मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढले गेले आणि जगभरचे प्रकल्प बांधले जाईनात. इतक्या छोट्या कामासाठी इतके परावलंबन कशाला?

माझी संमेलनाला एक विनंती आहे. अर्ध्या र चे दोन्ही प्रकार, जोडाक्षरे, अ‍ॅ आणि ऑ, ळ, क्ष, ज्ञ यांचा वर्णक्रम, लाख-कोटींचे आकडे, आडनावांतली लेखनभिन्नता, या सगळ्यांचा एक मराठी चाचणी-संच आपण तयार करावा आणि तो खुला ठेवावा. जो कुणी नवे साधन तपासेल, त्याने तो संच त्यावर चालवून निकाल जाहीर करावा आणि जिथे साधन चुकते तिथे त्याच्या निर्मात्यांकडे रीतसर नोंद करावी. दुपारच्या सत्रानंतर मी याच सभागृहात थांबणार आहे. ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी लॅपटॉप घेऊन यावे, पहिली यादी आजच लिहू.