डी-डायमर कुणाचा करायचा?

मराठवाड्यातून आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

स्टील, बियाणं आणि मोसंबीच्या जालन्यात आपलं मनापासून स्वागत. मोसंबीचा रस जेवणाच्या मंडपात आहे; सत्र चालू असताना तिकडे कुणी फिरकू नये, एवढीच स्वागत समितीची विनंती.

छातीत कळ आली म्हणून आलेल्यांत एखादा असा निघतो, की त्याच्या महाधमनीचं आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरत असतं; हेच डिसेक्शन. ट्रोपोनिन त्याचंही वाढू शकतं. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं, तर आपल्याच हातून घात होतो. चढत्या महाधमनीच्या डिसेक्शनमध्ये उपचार न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका एक-दोन टक्क्यांनी वाढतो. मंठा-भोकरदनच्या रुग्णाचे यातले काही तास रस्त्यातच जातात.

डिसेक्शन नाही हे ठरवायला डी-डायमर ही रक्तचाचणी मदतीला येते; तिचं नाव कोविडनं घराघरांत पोचवलं. २०१८ च्या ‘ॲडव्हाइज्ड’ अभ्यासात १८५० रुग्ण होते. लक्षणं, पूर्वेतिहास आणि तपासणी यांवरून काढलेला धोक्याचा गुणांक ० किंवा १ आणि डी-डायमर ५०० नॅनोग्रॅमच्या खाली, अशा रुग्णांत आजार नजरेतून सुटण्याचं प्रमाण हजारात तीन निघालं. जिथं सीटी अँजिओ हाताशी नाही, तिथं ही मोठीच सोय. पण ही चाचणी ‘नाही’ म्हणण्यापुरती. न्यूमोनिया, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, नुसतं वाढलेलं वय, कशानंही आकडा चढतो. म्हणून सरसकट प्रत्येक छातीदुखीला ती लावणं मला पटत नाही. तसं केलं तर निम्मा तालुका सीटीच्या रांगेत उभा राहील. उलट कळ एकाएकी, असह्य, पाठीत फाटल्यासारखी आलेली आणि एका हाताची नाडी क्षीण लागत असेल, तर रिपोर्टची वाट पाहायची नाही. तिथं निगेटिव्ह रिपोर्टवरही भरवसा नको, थेट सीटी.

दोन्ही हातांचं बीपी घ्यायला पैसे पडत नाहीत. घेतो का आपण?

आणखी एक. काही लॅब डी-डायमर ‘एफईयू’ या एककात देतात, काही ‘डीडीयू’मध्ये. पहिल्यातले ५०० म्हणजे दुसऱ्यातले साधारण २५०. डीडीयूमध्ये आलेला ४०० चा रिपोर्ट नॉर्मल समजून रुग्ण घरी गेला, तर चूक यंत्राची नव्हे.

दुपारी ग्रामीण रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीसाठी एका पानाची कार्यपद्धती ठरवायची आहे. एकक वाचण्याची सूचना तिच्यात पहिल्या ओळीत यावी, हा माझा आग्रह. अध्यक्ष महोदय, सत्र सुरू करावं.