विमाननिर्मितीतील उत्पादन-नियोजन आणि जालना

विमानाच्या कारखान्यात उत्पादन-नियोजक, म्हणजे कोणता सुटा भाग कोणत्या मालापासून, कोणत्या यंत्रावर आणि केव्हा घडवायचा हे आधी ठरवणारी व्यक्ती, स्वतः एकही रिव्हेट बसवत नाही. तरीही विमान वेळेवर उभे राहणे बऱ्याच अंशी तिच्या आखणीवर अवलंबून असते. ही आखणी उलट्या दिशेने होते. विमान जोडणीला घ्यावयाच्या तारखेपासून मागे येत उपजोडणी, पृष्ठलेपन, उष्णताप्रक्रिया, यंत्रकाम आणि शेवटी कच्च्या मालाची मागणी यांच्या तारखा निश्चित केल्या जातात. मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतच्या काळाला लीड टाइम म्हणतात, आणि टायटॅनियमसारख्या धातूच्या बाबतीत तो अनेक महिन्यांचा असतो. 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापन झाल्यापासून बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याला हा हिशेब नवा नाही, कारण जूनमध्ये दुकानात यावयाच्या बियाण्याची पेरणी आधीच्या हंगामातच झालेली असावी लागते.

महाराष्ट्रात या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिकजवळच्या ओझर येथे आहे. मिग-21 विमानांसाठी उभारलेल्या तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात पुढे सुखोई-30 एमकेआय विमाने तयार झाली. प्रारंभी रशियाहून आलेल्या तयार भागांची जोडणी होत असे, आणि नंतर कच्च्या मालापासून भाग घडू लागले. या बदलाने नियोजनाचे स्वरूपच पालटले असले पाहिजे, कारण पूर्वी तयार भागांची पेटी आली की नाही एवढे पाहणे पुरत होते, तर आता प्रत्येक पत्रा, सळई आणि साचा यांची स्वतंत्र तारीख सांभाळावी लागते.

तथापि नियोजनाची सर्व सूत्रे एका कारखान्याच्या हाती नसतात. हवाई दलासाठी 83 तेजस मार्क-1ए विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला, परंतु त्यांची अमेरिकी एफ-404 इंजिने मार्च 2025 पासून येऊ लागली आणि विमानांच्या विलंबाचे ते एक प्रमुख कारण ठरले. ओझरला तयार झालेल्या पहिल्या तेजसचे उड्डाण 17 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. हजारो भाग तयार असले तरी एका भागावाचून विमान अडते, म्हणून तुटवड्याची यादी प्रामाणिकपणे आणि लवकर मांडणे हाच नियोजकाचा पहिला गुण मानला पाहिजे.

दुसरी बाब मागोव्याची. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या धातूला हीट नंबर दिला जातो, आणि पत्रा कापून त्याचे अनेक तुकडे केले तरी प्रत्येकासोबत तो क्रमांक पुढे न्यावा लागतो. माप अचूक असूनही ज्या भागाची ही ओळख हरवली तो विमानात बसवता येत नाही. नव्या प्रकारच्या पहिल्या भागाचे आराखड्यातील प्रत्येक माप तपासून नोंदवले जाते, आणि या तपासणीचे दिवस न धरता केवळ यंत्राचे तास मोजणारे वेळापत्रक हमखास कोसळते.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील सळई बांधकामासाठी असते. विमानाला ॲल्युमिनियम व टायटॅनियमचे मिश्रधातू आणि विशेष पोलाद लागते. पण हीट नंबर जालन्याच्या भट्टीवरील कामगारालाही ठाऊक आहे, आणि जालना व नाशिक हे दोन्ही जिल्हे आता समृद्धी महामार्गावर आहेत. त्यामुळे जालन्यातील तंत्रशिक्षण संस्थांनी यंत्रकामाच्या जोडीला नोंद, मागोवा आणि उलट्या तारखांची आखणी हे विषय प्रत्यक्ष कारखान्यातील कागदांवरून शिकवावेत, आणि पोलाद उद्योजकांनी त्यासाठी आपल्या नोंदवह्या विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात.