हक्काची राखण : ग्रामसभा, स्वयंसेवक आणि शाळा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनापुढील भाषण)



१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात केवळ पुरुषांचाच बोध व्हावा अशी शब्दयोजना होती. ती बदलून तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द घालण्याचा आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी. एक शब्द बदलला आणि अर्ध्या मानवजातीची नोंद त्या कलमात झाली. शब्दाचे मोल काय असते हे शिक्षकास निराळे सांगावयास नको.

परंतु जाहीरनामा पॅरिसमध्ये झाला आणि राज्यघटना दिल्लीत झाली, तरी माणसाचा हक्क त्याच्या पदरात पडतो किंवा बुडतो तो गावात. पाणवठ्यावर, चावडीत, रेशनच्या दुकानात, मजुरीच्या हिशेबात आणि शाळेच्या दाखल्यात त्याची कसोटी लागते. म्हणूनच हक्काची राखण कोणी करावयाची, असा प्रश्न आला म्हणजे न्यायालयाकडे बोट दाखवून भागत नाही. न्यायालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. ग्रामसभा, स्वयंसेवक आणि शाळा ही तीन दारापाशी असतात.

या तिहींचा परस्परसंबंध समजण्यास महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण पुरेसे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालविलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत असा तो ठराव होता. पुढे १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार आपल्या हद्दीतील तळे खुले केल्याचा ठराव केला. वरचा ठराव झाला, खालचा ठराव झाला; पण तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाण्याची हिंमत व्हावी अशी स्थिती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग दावा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठराव असला तरी तो अमलात आणणारी माणसे नसतील तर तो दप्तरात पडून राहतो. आणि माणसे उभी राहिली तरी त्यांच्या हाती ठरावाचा कागद असेल तर त्यांचे पाऊल अधिक भक्कम पडते.

खानदेशाकडे वळले म्हणजे प्रथम आठवतात ते एक शिक्षकच. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही पाहात असत. याच गुरुजींनी पुढे पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे यासाठी १ मे १९४७ पासून उपोषण केले. लोकांच्या स्मरणात उपोषण राहिले. पण शिक्षकाने स्मरणात ठेवावा तो त्याआधीचा दौरा. कित्येक महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, सेवादलाचे तरुण कलापथक घेऊन त्यांच्या सोबतीस होते, आणि गावोगाव त्यांचे मागणे एकच होते, की माणसाला माणूस म्हणून मंदिरात आणि विहिरीवर येऊ द्या. उपोषणापूर्वी त्यांनी मन वळविण्याचा मार्ग पुरता चालून पाहिला. समजावून सांगण्यावर ज्याची श्रद्धा आहे, तोच खरा शिक्षक.

दुसरे उदाहरण शहादे तालुक्याचे. हा तालुका पूर्वी धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथील भिल्ल व पावरा कुटुंबांच्या जमिनी कर्जापायी आणि अक्षरशत्रुत्वापायी हातून गेल्या. ज्याच्या नावावर पूर्वी शेत होते तोच त्या शेतावर सालदार म्हणून राबू लागला. अंगठा कशावर उठविला हे त्यास ठाऊक नव्हते, आणि उताऱ्यावर कोणाचे नाव चढले हे वाचून सांगणारेही कोणी नव्हते. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर झालेल्या हल्ल्याने महाराष्ट्राचे लक्ष तिकडे वेधले. भिल्ल समाजातीलच अंबरसिंग सुरतवंती यांचे कार्य तेथे आधीपासून चालू होते. त्यांच्या जोडीस सर्वोदयाचे कार्यकर्ते आणि शहरांतील शिकलेले तरुण आले, आणि १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनींची माहिती गोळा करणे, सालदारांच्या वेतनाची मागणी मांडणे, शिबिरे भरविणे अशी कामे तेथे झाली. स्त्रियांनी दारूबंदीसाठी कंबर कसली, आणि नवऱ्याचा मार हा नशिबाचा भाग नव्हे, ही गोष्ट त्या उघडपणे बोलू लागल्या.

या आणि अशा चळवळींच्या पाठीवर महाराष्ट्र विधिमंडळाने १९७४ साली अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्यासंबंधीचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतीत आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी, कायद्यातील अटींनुसार, मूळ मालकास परत देण्याची तरतूद त्यात झाली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी गाव बोलू लागले, मग स्वयंसेवक आले, आणि मग कायदा झाला.

तथापि कायदा झाल्यावर काम संपते असे मानणे भ्रामक होय. सातपुड्याच्या कुशीतील यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील गावांस २००६ च्या वनहक्क कायद्याचा अनुभव आहे. या कायद्याचा विशेष असा, की दाव्याची पहिली तपासणी साहेबाच्या कचेरीत होत नाही, ती ग्रामसभेत होते. ग्रामसभा दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. त्यांत निदान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती यांबरोबर जुनी विहीर, बांध, थडगे यांसारख्या खुणा आणि गावातील वृद्धांचा जबाबही पुराव्यात धरला जातो. हक्क मिळाला तर तो पतिपत्नी दोघांच्या नावे होतो. दावा नामंजूर झाल्यास त्याचे कारण दावेदारास कळविले पाहिजे, आणि साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते. यांतील प्रत्येक पायरीवर वाचावे लागते, लिहावे लागते, मुदत मोजावी लागते. हक्क कायद्याने दिला; तो पदरात पाडून घेण्यास अक्षर लागते. ज्या गावात हे अक्षर विनामूल्य मिळत नाही, तेथे ते विकत घ्यावे लागते आणि विकणारे पुष्कळ असतात.

येथे शिक्षकांच्या मनात दोन शंका उभ्या राहणे स्वाभाविक आहे. पहिली अशी, की शिक्षक हा जिल्हा परिषदेचा सेवक. १९६७ च्या वर्तणूक नियमांनी त्यास राजकारणात भाग घेण्यास मनाई आहे. मग हक्काच्या गोष्टी त्याने बोलाव्यात कशा? दुसरी शंका अशी, की शिक्षकावर आधीच कामांचा डोंगर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांवाचून अन्य अशैक्षणिक काम शिक्षकास देऊ नये असे म्हटले असता, हा नवा भार कशासाठी?

या दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांचे उत्तर एकच आहे. शिक्षकाने पुढारी व्हावयाचे नाही, मोर्चा काढावयाचा नाही, कोणत्या गटास मत द्यावे हे सांगावयाचे नाही. त्याने आपल्याच कामातील हक्कांचा भाग चोख बजावावयाचा आहे. तो भाग लहान नाही. पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट जनरल रजिस्टरची. जातीचा दाखला काढताना वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यास मोठे वजन असते. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची मानली जाते, आणि तिच्या आधीची शाळेतील एखादी नोंद साऱ्या कुळाच्या उपयोगी पडते. त्या काळच्या मास्तरांनी बोरूने लिहिलेली एक ओळ आज नातवाची शिष्यवृत्ती ठरविते. तेव्हा जुनी रजिस्टरे वाळवीपासून आणि ओलीपासून जपावीत, मागणाऱ्यास नियमाप्रमाणे उतारा द्यावा, हेलपाटे घालावयास लावू नयेत. नव्या नोंदी करताना जमातीच्या जागी धर्म, किंवा नावाच्या जागी लाडाचे नाव पडू देऊ नये. आज घाईने केलेली चूक आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या घरास भोवते.

दुसरी गोष्ट स्थलांतरित मुलांची. दिवाळी आटोपली, की खानदेशातील कित्येक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेकडे जातात. मुले बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसतात आणि शाळेच्या पटावर केवळ नाव राहते. कायदा असे म्हणतो, की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. दाखला मागितल्यास मुख्याध्यापकाने तो तत्काळ दिला पाहिजे. आणि परतलेल्या मुलास वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून द्यावयाचा आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे व स्थलांतरितांच्या मुलांस प्रवेश मिळेल असे पाहणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य सांगितले आहे. मुले हलण्यापूर्वीच त्यांची यादी करून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे, आणि हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर लिहून पाठविणे, हे मुख्याध्यापकाच्या हातचे आहे. आजी-आजोबा गावातच राहणार असतील तर मूल मागे ठेवता येईल काय, हे घरी जाऊन विचारण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

तिसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची आणि ग्रामसभेची. समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. पुष्कळ ठिकाणी सभेचे पुस्तक घरोघर फिरते आणि सह्या होतात; सभा मात्र होत नाही. गावास लोकशाहीचा पहिला पाठ शाळेत मिळावयाचा, तेथेच जर खोटी सभा भरली तर पुढे ग्रामसभा खरी भरेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. मजूर स्त्रियांस सवड असेल अशा वेळी, संध्याकाळी का होईना, सभा घ्यावी. इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे, जरूर तर अहिराणीत किंवा पावरीत समजावून सांगावे, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. महिला ग्रामसभा ही नियमित ग्रामसभेपूर्वी घ्यावी लागते, ही गोष्टही आयांच्या कानावर घालावी. ग्रामसभेचे सामर्थ्य केवढे असते याचे अलीकडचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाचे आहे. मे २०२२ मध्ये त्या गावाने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. येथे गावाने शासनास वाट दाखविली.

चौथी गोष्ट स्वयंसेवकांची. प्रत्येक गावात दहावी-बारावी झालेली, अर्ज लिहू शकणारी चार मुले-मुली असतात. ती बहुधा याच शाळेची माजी विद्यार्थी असतात. महिन्यातून एक सायंकाळ त्यांनी शाळेच्या ओट्यावर बसावे आणि ज्यास जो अर्ज, जो उतारा, जी नोटीस वाचून हवी असेल ती वाचून द्यावी. शिक्षकाने त्यांस चार नियम सांगावेत : पैसा घेऊ नये, जात विचारू नये, न कळणाऱ्या गोष्टीचा सल्ला देऊ नये, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नये. पोच हे गरिबाचे शस्त्र आहे.

यात अडचण येणार नाही असे नाही. सालदाराच्या मुलीचे लग्न कोवळ्या वयात ठरते, शिक्षकास ते पटावरील अनुपस्थितीवरून सर्वांआधी कळते, आणि दोन्ही घरची वजनदार माणसे त्याच शाळेच्या समितीवर असतात. अशा वेळी गप्प बसणे सोपे असते. परंतु ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा महाराष्ट्रात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडी सेविका गावात आहे, आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी आहे. शिक्षकाने एकट्याने दारात उभे राहून भांडण काढावे असे कोणी म्हणत नाही. त्याने प्रथम घरच्यांस समजवावे, आणि न ऐकल्यास योग्य त्या अधिकाऱ्यास वेळेत कळवावे. लग्न लागून गेल्यावर वाटणारी हळहळ त्या मुलीच्या काही उपयोगाची नाही.

शेवटी शाळेच्या चार भिंतींतील गोष्ट. छडी हा आता केवळ शिस्तीचा प्रश्न राहिलेला नाही. शारीरिक शिक्षेस कायद्याने बंदी आहे. ज्या वर्गात पाण्याच्या माठाला सर्वांचे हात लागतात, ज्या वर्गात मागच्या बाकावरील भिल्लाच्या मुलाचे नाव गुरुजी पूर्ण आणि नीट उच्चारतात, ज्या वर्गात मुलगी प्रश्न विचारू शकते, त्या वर्गात मानवी हक्कांचा जाहीरनामा न वाचताही शिकविला गेलेला असतो. त्या वर्गातील मुले पुढे ग्रामसभेत बसतील तेव्हा त्यांस उठून बोलण्याची भीती वाटणार नाही. उद्याच्या गावाची तयारी प्राथमिक शाळेत होत असते, आणि ती करणाऱ्या शिक्षकाचे नाव कोणत्याही ठरावात नसले तरी त्या ठरावांचे बळ त्याच्या कामातूनच येते.