बॅटरीची पारख



पुस्तकात तिला विजेरी म्हणतात. आपण घरात मात्र ‘बॅटरी घे रे’ असंच म्हणतो. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली, की पंप सुरू करायला बांधावरून जावंच लागतं, आणि मण्यारही रात्रीच बाहेर पडते. तेव्हा बॅटरी ही चैन नव्हे. मला या वस्तूचा लहानपणापासून नाद. त्या नादापायी पैसे दवडून जे शिकलो, ते आज सांगतो.

पूर्वीची लांब नळकांड्याची बॅटरी पुष्कळांना आठवत असेल. तळाच्या झाकणात जास्तीचा बल्ब जपून ठेवलेला असे. त्या बल्बची तार तापून उजेड पडे. सेलमधली बहुतेक शक्ती उष्णतेतच जाई. आता एलईडी आला. निळा उजेड देणारा चांगला एलईडी साधायला फार वर्षं लागली. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्या निळ्या उजेडावर पिवळ्या द्रव्याचा थर दिला, की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो.

पण सगळा पांढरा उजेड सारखा नसतो, बरं का! निळसर उजेड झगझगीत दिसतो, पण त्यात माती, पाचोळा आणि घोणस ही तिन्ही एकाच राखी रंगाची वाटू शकतात. म्हणून मी किंचित पिवळसर, रंग खरे दाखवणारी बॅटरी पसंत करतो. गुरुजनांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा: खोलीत अंधार करून दोन तऱ्हेच्या बॅटऱ्यांखाली हळद, कुंकू आणि वाळलेलं पान ठेवावं. फरक मुलंच सांगतील.

दुसरी गोष्ट आकड्यांची. खोक्यावर ‘ल्यूमेन’ मोठ्या अक्षरांत छापतात. ल्यूमेन म्हणजे एकंदर उजेड. तो किती लांब जाईल, हे झोतावर अवलंबून. अंतर दुप्पट झालं, की उजेड चौथाईवर येतो. मी एकदा आकड्याला भुलून भारी बॅटरी घेतली. पाच मिनिटांत ती हाताला चटका देऊ लागली आणि आपोआप मंदावली. तेव्हापासून मी मोठा आकडा पाहत नाही. मध्यम उजेड किती तास टिकतो, ते विचारतो.

तिसरी गोष्ट सेलची. पुन्हा भरता येणारा लिथियमचा सेल मला सर्वांत आवडतो. ‘१८६५०’ हे त्याचं नाव म्हणजे त्याचं मापच: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्याच मापाच्या सेलवर नऊ हजार छापलेलं दिसलं, तर तो दुकानातच ठेवून या. वेष्टन फाटलेला किंवा चेपलेला सेल वापरू नका, आणि कोणताही सेल चुलीत टाकू नका. साधे सेल वापरत असाल, तर जुना-नवा एकत्र घालू नये. बॅटरी बरेच दिवस पडून राहणार असेल, तर सेल काढून ठेवावेत. नाहीतर ते पाझरतात आणि आतली पट्टी खातात.

शेवटी एकच सांगणं. बॅटरी कितीही उत्तम असो, झोत दूरच्या झाडावर नको. पुढचं पाऊल पडणार आहे तिथं धरा.