मुलांच्या हातातली दहाची नोट
(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसं. आम्हाला बोलण्याची सवय कमी, मोजण्याची जास्त. म्हणून काल दुपारी आपल्या मुलांबरोबर खेळलेल्या एका खेळाचा हिशेबच आपल्यापुढे ठेवतो.

आधी मुलांना विचारलं, पैसे कुठून येतात? एक चिरंजीव म्हणाले, "बाबांच्या मोबाइलमधून." सगळे हसले. पण घरी आपण तरी त्यांना दुसरं काय दाखवतो?

मग सात मुलांना गोल बसवलं. एक झाला गिरणी कामगार. पुढे वाणी, दूधवाली, शिंपी, रिक्षावाला, मास्तर आणि कापडवाला. कामगाराला पगाराची दहाची नोट दिली. त्यानं वाण्याकडून डाळ घेतली, वाण्यानं दूध घेतलं, दूधवालीनं झबलं शिवून घेतलं. अशी फिरत नोट कापडवाल्यापर्यंत आली आणि त्यानं गिरणीकडून नवा माल मागवला. नोट एकच, पण सात हातांची कमाई मिळून सत्तर रुपये!

दुसऱ्या फेरीत रिक्षावाल्यानं नोट खिशात घातली ती काढेना. पुढचे हात रिकामे. तेव्हा आम्ही बँक होऊन बसलो. म्हटलं, "साठव, पण आमच्याकडे ठेव. आम्ही ती शिंप्याला मशीनसाठी कर्ज देऊ. तो व्याजासकट फेडील, त्यातलं थोडं तुला." मुलांना हे चटकन कळलं.

तिसऱ्या फेरीत आम्ही कामगारालाच उठवलं. म्हटलं, गिरणी बंद. सगळे वाट पाहत बसले, नोट आलीच नाही. दूधवाली झालेली चिमुरडी म्हणाली, "मग माझं दूध कोण घेणार?"

मंडळी, हा प्रश्न बिर्लानगर आणि हजिऱ्यानं खरोखर सोसला आहे. 1921 साली बिर्लांनी उभारलेली जियाजीराव कॉटन मिल, आपली जे. सी. मिल, 1990 च्या दशकात बंद पडली. पगार हजारो कामगारांचे गेले, पण त्यांच्या पगारावर चालणारी चहाची टपरी, किराणा, शिंप्याचं दुकान, सगळ्यांनाच झळ लागली. कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तर दशकानुदशकं रेंगाळला.

आपलं लश्करही पगारावरच वसलं. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली. शिपायाच्या हाती पैसा आला, म्हणून बाजार आला. आपले पूर्वज बहुतेक पगाराच्या बाजूचे : शिलेदार, कारकून, पुढे मास्तर आणि बाबू. दुकानदाराकडे आपण जरा वरूनच पाहिलं, हे कबूल करू या. आता आपली मुलं पुण्याला, बंगळूरला जातात. त्यांचा दोष नाही, इथे काम नाही म्हणून जातात. पण त्यांचा पगार तिथल्या बाजारात फिरतो, आणि इथे आपल्या वाड्यांना कुलपं लागतात.

म्हणून दोन विनंत्या. एक, दिवाळीआधी एका दिवशी मुलांना दानाओली आणि सराफ्यात न्या. दुकानदाराला तीन प्रश्न विचारायला लावा : माल कुठून येतो, इथे किती जण काम करतात, घेतं कोण? येताना सांगा की आवडती कॅडबरी जवळच मालनपूरच्या कारखान्यातही बनते, आणि तिघऱ्याचं पाणी नळाला येतं, रस्ता झाडला जातो, तो लोकांच्या करातूनच. एखाद्या मुलानं पुढे धंदा काढायचा म्हटलं, तर नाक मुरडू नका. चार जणांना पगार देणं हे पगार घेण्याइतकंच अब्रूचं काम आहे.

दोन, निवडणुकीत उमेदवार दारी येतील. नळ आणि नाली यांच्याबरोबर त्यांना हेही विचारा : गेलेल्या गिरणीच्या जागी या शहराला कोणतं काम आणणार?

त्या चिमुरडीला आम्ही काल उत्तर देऊ शकलो नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे.