जुन्या गाडीचे दिवे



मी कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर. विजेच्या तारांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. तो दिला माझ्या वडिलांच्या १९८२ सालच्या प्रीमियर पद्मिनीने. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली, पुण्यास वाढली आणि माझ्या बदल्यांबरोबर फिरत फिरत जबलपुरास आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला. आमच्या घरी मात्र ती अजून नांदते आहे.

गेल्या वर्षी मंडळाच्या नाटकाची तालीम आटोपून मी व सौभाग्यवती रात्री घरी निघालो होतो. डावा दिवा कित्येक महिने मंद होता. वसाहतीच्या वळणावर दोन्ही दिवे एकाएकी विझले. मी ब्रेक दाबला. क्षणभराने दिवे आपोआप उजळले, तेव्हा चार हातांवर एक सायकलस्वार दिसला. मागे कॅरिअरवर लहान मुलगी बसलेली. ते दोघे निघून गेले. मला मात्र बराच वेळ गाडी सुरू करवेना.

त्यापूर्वी मी तीन वेळा बल्ब बदलले होते. एका मिस्त्रींनी सगळे वायरिंग नवे घालण्याचा सल्ला दिला होता. आम्ही दोघेही निदानाआधीच औषध देत होतो.

वस्तुतः विजेची वाट सरळ आहे. बॅटरीतून ती बटणाकडे, तेथून डिपरकडे, मग फ्यूजमधून बल्बकडे जाते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. कोणते दिवे बिघडले यावरून स्थान कळते. एकाच दिव्याची एकच ज्योत गेली, तर बल्ब वा फ्यूज पाहावा. दोन्ही दिव्यांची फक्त जवळची ज्योत गेली, तर डिपर. दोन्ही दिवे सर्वस्वी गेले, तर बटण अथवा त्याची मुख्य तार. एकच दिवा दोन्ही ज्योतींवर मंद असेल, तर परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, संशयित ठरते.

मी साधा मीटर आणला. दिवे लावून त्याची एक सळई डाव्या बल्बच्या अर्थिंगवर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवली. तेथे जवळजवळ शून्य यावयास हवे; आले २ व्होल्ट. १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच खर्च झाले, की उजेड सुमारे निम्म्यावर येतो. बॅटरीची ऋण तार सोडवून मी अर्थिंगचा गंजलेला स्क्रू काढला, पत्रा पॉलिश कागदाने चकचकीत होईतो घासला, स्क्रू घट्ट आवळला व वर पेट्रोलियम जेली लावली. डावा दिवा उजव्याच्या बरोबरीने पेटला.

परंतु दोष एक नव्हता, दोन होते. मग मी बटणाच्या दोन टोकांमध्ये मोजले, तो १ व्होल्ट. ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. म्हणजे त्या चिमुकल्या बटणात ९ वॅटची उष्णता कोंडली जात होती. तापले की काजळलेला संपर्क सुटे, निवले की जुळे. नवे बटण बसविले. शिवाय रिले घातला. आता बटणातून केवळ रिलेच्या ८५ व ८६ या टोकांना लागणारा किंचित प्रवाह जातो. दिव्यांचा भार बॅटरीजवळ फ्यूज लावलेल्या जाड तारेने ३० वर येतो व ८७ मधून डिपरमार्गे दिव्यांकडे जातो.

एक विनंती आहे. फ्यूज उडाला म्हणून चांदीचा कागद गुंडाळू नये. तार पेट घेते. आणि मंद दिव्याची सवय करून घेऊ नये. मी ती करून घेतली होती, आणि तिची किंमत कोणा परक्याच्या मुलीने मोजली असती.

येत्या रविवारी सकाळी मी मीटर घेऊन मंडळाच्या आवारात बसणार आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी असेल, त्यांनी ती अवश्य आणावी. चहा मंडळाचा, कष्ट माझे.